रोजची कीर्द, रविवारची खतावणी

जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या. कीर्द ही रोजची वही. जे घडलं ते, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने, त्याच दिवशी तिच्यात उतरवायचं. खतावणीत तीच नोंद आपापल्या खात्याला लावायची, आणि मग कळायचं की कुणाकडे किती थकलंय, कुठल्या मालात पैसा अडकलाय. रोज गल्ला भरलेला दिसत असतानाही दुकान बुडू शकतं. ते गल्ल्याकडे बघून कळत नाही, खतावणी उघडल्यावर कळतं.

दिवसाचंही तसंच आहे. 'आज फार चिडचिड झाली' एवढंच रात्री आठवतं. किती वेळा, कशावरून, कुठल्या वेळेला, ते पुसलेलं असतं. मग 'उद्यापासून शांत राहायचं' असा संकल्प होतो आणि सकाळी नळ जायच्या आत मोडतो. संकल्प रात्रीच्या निवांतपणात केलेला असतो आणि पाळायची पाळी येते ती संध्याकाळी सात वाजता, दमलेल्या अवस्थेत. त्या वेळी विचार करायला डोकं शिल्लक नसतं. म्हणून स्वतःचा कारभार हाती घ्यायचा तर निवांत वेळी, नोंदी समोर ठेवून, दमलेल्या वेळेसाठीचा एक छोटा निर्णय आधीच करून ठेवावा लागतो. खाली त्याची पद्धत दिली आहे. रोज दहा मिनिटं आणि रविवारी अर्धा तास, यापेक्षा जास्त वेळ तिला देऊ नये.

सामान

लहान आकाराची शंभर पानी वही. पेन, शक्यतो दोऱ्याने वहीला बांधलेलं, कारण घरात पेन जागेवर राहत नाही. स्वयंपाकघरातला टायमर किंवा सेकंदकाटा असलेलं घड्याळ. आणि भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यावर दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख टिपता तेच.

तारखा छापलेली डायरी घेऊ नका. तिच्यात तीन पानं कोरी राहिली की चौथ्या दिवशी ती उघडायचीच लाज वाटते. साध्या वहीत चुकलेल्या दिवसाचं पानच नसतं. फोनवरचं अ‍ॅपही नको. नोंद करायला फोन हातात घेतला की आधी तीन निरोप दिसतात, आणि नोंद राहून जाते.

वही पुढून उघडली की कीर्द, रोज एक पान. मागून उघडली की खतावणी, आठवड्याला एक पान. आठवड्याची आठ पानं धरली तर वही बारा आठवडे पुरते.

पाडव्याला सुरू करू, एक तारखेला करू, असा मुहूर्त बघत बसू नका. मंगळवार चांगला असतो, कारण त्याच्याकडून कुणाच्याच काही अपेक्षा नसतात.

वेळ नको, खूण ठरवा

'रात्री साडेदहाला लिहीन' हे टिकत नाही. कधी पाहुणे येतात, कधी मॅच लांबते, आणि साडेदहा होऊन गेले की 'आज राहिलंच' म्हणायला माणूस मोकळा होतो. त्याऐवजी रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला ही सवय बांधा. 'ओटा पुसून फडकं वाळत टाकलं की वही उघडायची.' 'दाराची कडी लावली की वही.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा 'जर-तर' बेतांचा बराच अभ्यास केला आहे. नुसत्या इराद्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' हा बेत जास्त पाळला जातो, कारण आठवण ठेवायचं काम खूण करते. वही त्या खुणेच्या जवळच हवी. ओट्याची खूण असेल तर डब्यांच्या फळीवर ठेवा, बेडरूमच्या कपाटात नाही.

रात्रपाळी करणाऱ्यांनी 'रात्र' हा शब्द सोडून द्यावा. तुमची कीर्द पाळी संपवून घरी आल्यावर, आंघोळीनंतर.

सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे नवी सवय लावायला सांगून मोजणी केली. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत फरक होता १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्यामुळे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. त्याच अभ्यासात आणखी एक उपयोगाची गोष्ट दिसली: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही.

आधी दोन मिनिटं श्वास

दिवसभराचा धुरळा डोळ्यांत असताना लिहिलं तर नोंद भडक होते. म्हणून वही उघडण्याआधी दोन मिनिटं बसा. पाट, खुर्ची, पलंगाची कड, काहीही चालेल. पाय जमिनीला टेकलेले हवेत. नाकाने चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. दहा सेकंदांचं एक आवर्तन, अशी बारा.

यात चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे छाती फुगवून ओढून घेतलेला श्वास. त्याने गरगरतं किंवा बोटांना मुंग्या येतात. श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, फक्त बाहेर सोडताना सावकाश. दुसरी, आकडे भरभर मोजणं. चिडलेल्या माणसाचे चार सेकंद अडीचमध्ये संपतात, म्हणून पहिला आठवडा सेकंदकाट्याकडे बघून मोजा. तिसरी, विचार आले म्हणून 'मला जमत नाही' असं ठरवून टाकणं. विचार येणारच. मोजणी कुठे चुकली ते लक्षात आलं की पुन्हा एकपासून. परत येणं हाच सराव आहे, आणि तो दोन मिनिटांत दहा वेळा झाला तर सराव दहापट झाला असं धरा.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि तळपायांना जमीन कशी लागते आहे किंवा पंख्याचा आवाज कसा येतो आहे, तिकडे लक्ष द्यावं. काम तेच होतं.

एक खुलासा, कारण यात नेहमी घोळ होतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस जो आनापान शिकवतात, त्यात श्वास मोजत नाहीत आणि लांबवतही नाहीत. तो जसा येतो-जातो तसा नुसता पाहायचा असतो. आपण इथे श्वास मुद्दाम संथ करतो आहोत. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकाच बैठकीत मिसळू नयेत. ज्यांचा आनापानचा सराव आहे त्यांनी तोच करावा.

कीर्द कशी लिहायची

एका दिवसाला जास्तीत जास्त पाच ओळी. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: वेळ, काय घडलं, शरीरात काय जाणवलं, मी काय केलं. एक पान असं दिसेल:

सकाळी ८.१० – फलाटावर पोचेपर्यंत गाडी गेली. जबडा घट्ट, कानशिलं गरम. घरी फोन करून डब्याला उशीर केला म्हणून बोलले.

दुपारी ३.४० – वरून निरोप: आजच हवंय. पोटात खड्डा. तिसरा चहा घेतला, तक्ता न तपासता पाठवला, एक बेरीज चुकली.

संध्याकाळी ७.२० – मुलगा गणिताचं पुस्तक शाळेत विसरला. छातीत धडधड, आवाज आपोआप चढला. ओरडले. तो नीट जेवला नाही.

रात्री ९.१५ – भाजीत मीठ कमी आहे, असं सासूबाई म्हणाल्या. मान ताठ. गप्प बसले, पण भांडी आपटली.

रात्री १० – गच्चीवर दहा मिनिटं वारा. खांदे उतरले. काही केलं नाही.

शेवटची ओळ जमेची आहे. पाचांतली निदान एक ओळ जमेची हवीच, नाहीतर वही नुसती खर्चाची होते आणि महिनाभरात ती उघडावीशी वाटत नाही.

या पानात 'मी किती वाईट आई आहे' असं कुठेही नाही, हे पाहा. स्वतःला विशेषणं लावायची नाहीत. 'आळशीपणा केला' ही नोंद खतावणीला निरुपयोगी आहे. 'जेवून आडवी झाले, दीड तास उठले नाही' ही उपयोगी आहे. दुसऱ्याचा स्वभाव लिहायचा नाही. 'साहेब नेहमीच असे' ही ओळ खोडून तिथे साहेबांचं नेमकं वाक्य लिहा. ही वही गाऱ्हाण्यांची झाली की संपली, कारण गाऱ्हाण्यात आपल्या हातातलं काहीच उरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा भाग तिसरा, शरीराचा. सुरुवातीला तिथे काहीच सुचत नाही, 'राग आला' एवढंच येतं. राग कुठे आला? जबड्यात, मानेत, पोटात, तळहातांत? दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना आपली एक ठरलेली जागा सापडते. एकाचा जबडा, दुसऱ्याची मान. तीच तुमची घंटा. मग एक दिवस गाडी चुकते आणि नोंद लिहिण्याच्या कितीतरी तास आधी, तिथेच फलाटावर, जबडा आवळलेला लक्षात येतो. हा सगळा खटाटोप त्या क्षणासाठी आहे. तेव्हा करायचं इतकंच: जबडा सैल, एक लांब उच्छ्वास, टाचा जमिनीवर टेकल्यात का ते जाणवून घ्यायचं, आणि मग फोन करायचा की नाही ते ठरवायचं. पाच-सहा सेकंदांचं काम आहे. पहिल्या महिन्यात दहातून एकदा जमलं तरी पुष्कळ.

पान संपलं की खाली एक रेघ मारून उद्याची तीन कामं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं ज्यांनी पुढे करायच्या कामांची यादी लिहिली, ते झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर, असंही त्यात दिसलं. म्हणून 'विमा' असं लिहू नका. 'पॉलिसी लाल फाइलमधून काढून बॅगेत ठेवणे' असं लिहा. नुसत्या 'विमा' या शब्दावर डोकं रात्रभर घोळ घालत बसतं.

खतावणी: खरी गंमत इथे

रविवारी चहानंतर, घर अजून निवांत असताना, वही मागून उघडा. आठवड्याच्या पस्तीसच्या आत नोंदी असतील. खाती सहा पुरेत: झोप, पोट, तोंड (म्हणजे बोललेले शब्द), फोन, पैसा, माणसं. प्रत्येक नोंद तिच्या खात्याखाली नुसती वार आणि वेळ लिहून लावा. वाक्यं पुन्हा लिहायची नाहीत. एक नोंद दोन खात्यांत गेली तरी हरकत नाही.

मग तीन प्रश्न विचारा. कुठलं खातं फुगलंय? वेळा एकमेकींजवळ आहेत का? त्याच्या दोन-तीन तास आधी काय होतं?

वरच्या पानाची आई घ्या. 'तोंड' खात्यात सात नोंदी निघाल्या आणि त्यांतल्या पाच संध्याकाळी साडेसहा ते आठमधल्या, असं समजा. आधी काय होतं? दुपारचा डबा पाऊण वाजता, आणि त्यानंतर रात्री नऊपर्यंत पोटात फक्त चहा. म्हणजे आठवडाभर जी गोष्ट 'माझा स्वभावच तापट' म्हणून खपत होती, तिचा बराच भाग भुकेचा होता. यावर शांत राहण्याचा संकल्प कुचकामी आहे. निर्णय असा हवा: 'ऑफिसचं दार ओलांडलं की गाडीत चढायच्या आत मूठभर फुटाणे खायचे.' आणि फुटाण्यांची डबी रविवारीच पर्समध्ये गेली पाहिजे. सोमवारी सकाळी ती भरायला वेळ नसतो.

प्रत्येक वेळी कारण इतकं सोपं सापडेल असं नाही. पण आधी झोप, भूक आणि चहा यांचा हिशोब लावून पाहावा, मग स्वभावाकडे वळावं. चहाचंच घ्या. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, कुणाकुणाला याहून जास्त. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. 'झोप' खातं फुगलं असेल तर एक आठवडा शेवटचा चहा चारच्या आत आणून बघा. एकदम बंद करू नका, डोकं दुखतं आणि दोष वहीला जातो.

एका आठवड्याला निर्णय एकच. दोन घेतले तर कशाचा गुण आला ते कळत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी आपल्या तेरा गुणांची यादी करून दर आठवड्याला एकाच गुणावर लक्ष द्यायचं ठरवलं होतं. चुकलं की तक्त्यात काळा ठिपका. तेरा आठवड्यांचा एक फेरा, वर्षाला चार फेरे. त्यातला नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जड गेला, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. तरी आपल्यासाठी तेराही जास्त आहेत. निर्णय लागू पडला तर तोच दोन-तीन आठवडे चालवा, मग पुढचा.

निर्णय पाळला की कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत एक टिंब. पाळला नाही तर दुधासारखाच 'खा', म्हणजे खाडा. एक खाडा माफ. लागोपाठ दोन झाले तर निर्णय मोठा झालाय असं समजा आणि अर्धा करा. वीस मिनिटं चालण्याचे दोन खाडे पडले तर तिसऱ्या दिवशी फक्त चपला घालून इमारतीच्या फाटकापर्यंत. हे हास्यास्पद वाटतं, पण साखळी तुटत नाही.

बहुतेकांच्या खतावणीत फुगणारी दोन खाती

फोन. इथे मनोनिग्रह वाया घालवू नका, सामान हलवा. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा आणि गजराचं साधं घड्याळ आणा. 'गजरासाठी लागतो' हे कारण त्याने संपतं. सुप्रभातवाले ग्रुप सोडून जायची गरज नाही, मावशी दुखावते. कायमचे म्यूट करा आणि दिवसातून एकदा, जेवणानंतर, स्वतः होऊन उघडा. बाकी सूचना बंद. फोन, बँक आणि शाळा एवढ्याच चालू.

तोंड. गांधीजी सोमवारी मौन पाळत आणि गरज पडली तर चिठ्ठीवर लिहून सांगत. घरात आठवड्याला एक तास मौन जमण्यासारखं आहे, पण मराठी घरात त्याचा एक धोका आहे: मौनाला अबोला समजलं जातं. सकाळपासून गप्प बसलात की 'काय झालं?', 'कशाचा राग आलाय?' सुरू होतं आणि मौनातून भांडण निघतं. म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना सांगा, वेळ सांगा (नऊ ते दहा), आणि त्या तासात चेहरा मोकळा ठेवून घरातलं एखादं काम करा: लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या. खोलीचं दार लावून बसलात तर तो अबोलाच. आणि ज्याच्याशी आदल्या रात्री खटका उडालाय त्याच्याशी आधी बोलून घ्या. तसं न करता धरलेलं मौन सरळ हत्यार असतं, आणि ते समोरच्याला बरोबर कळतं.

जेवणाबद्दल थोडक्यात: पहिले तीन घास टीव्ही आणि फोनशिवाय. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जो सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्यात एक मनुका कित्येक मिनिटं बघत, हुंगत, चावत खायला लावतात. आपल्याला तीन घास पुरे. आमटीत आज कोकम आहे की चिंच, एवढं ओळखलं तरी झालं.

वही पुरत नाही तेव्हा

सलग दोन आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर कीर्द लिहीत बसू नका. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं; जवळच्या डॉक्टरांकडेही जा. घरात मारहाण किंवा दहशत असेल तर तिथे श्वास मोजून सहनशक्ती वाढवणं हा उपाय नाही, मदत घेणं हा आहे. आणि ज्यांना नोंदी लिहिताना जुना आघात पुन्हा अंगावर येतो, त्यांनी हे काम समुपदेशकाच्या सोबतीने करावं.

वही कुणी वाचली तर, ही भीती रास्त आहे. ती असली की नोंदी गुळमुळीत होतात. माणसांची नावं लिहू नका, एकच अक्षर लिहा, तेही त्यांच्या नावातलं नको. बारा आठवड्यांनी वही संपली की मागची खतावणीची पानं कापून ठेवा, पुढच्या वहीला तीच लागतात. कीर्दीची पानं बादलीत भिजवून लगदा करा आणि कुंडीत घाला. अख्खी वही रद्दीत मात्र देऊ नका. मिठाची ती नोंद भेळेच्या पुडीवर परत यायची, आणि पुडी नेमकी सासूबाईंच्या हातात पडायची.